राजापुरात माणसं नक्की किती? (खाडी, पाखाड्या आणि जनगणना)

अर्जुनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो.

मागच्या आठवड्यात राजापूरला गेलो होतो, गुरुवार होता म्हणजे बाजाराचा दिवस. जवाहर चौकातून बंदरधक्क्याकडे जायला मला वीस मिनिटं लागली, एरवी पाच मिनिटांचा रस्ता. पाचलकडच्या बायका भाजीचे वाटे लावून बसलेल्या, नाटे गावाकडची सुकी मासळी, रिक्षांची रांग, कोणाला पाय ठेवायला जागा नाही. घरी येऊन आईला म्हटलं, अगं गाव केवढं वाढलंय! आई म्हणाली, "वाढलंय कुठे, आपल्या पाखाडीवर सांजेला पाच घरांत दिवा लागतो. आधी सतरा होते." पाखाडी म्हणजे आमच्याकडे घरांमधून जाणारी पायऱ्यांची चढवाट. तिने बोटांवर मोजून दाखवले, कुठलं घर कधी बंद झालं ते वर्षासकट.

मग मी कल्याणला परत येऊन आकडे बघितले. 2001 च्या जनगणनेत राजापूर शहर साडेदहा हजारांच्या आसपास होतं, 2011 ला 9,753. म्हणजे दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झालं. 1901 साली पाच हजारांच्या थोडं वर होतं, म्हणजे एकशे दहा वर्षांत दुपटीलाही पोचलं नाही आणि तेवढ्यात देश पाच पट झाला. नगरपालिका 1876 ची आहे, तालुक्याचं ठिकाण आहे, कोर्ट आहे, सगळं आहे.

तर प्रश्न असा की आमचं गाव नक्की केवढं? गुरुवारचं, गणपतीतलं की आईच्या पाखाडीवरचं? आता फेब्रुवारी 2027 ला पुन्हा मोजणी होणार, 2021 ची तर झालीच नाही. कोकणातल्या, देशावरच्या छोट्या गावांतल्या लोकांनी आपापलं सांगा. मला खरंच कळून घ्यायचंय.

मीठभाकर

गणपतीत मोजणी ठेवा, राजापूर महानगरपालिका होईल.

कातळखुणा

छान विषय. लोकसंख्येआधी जमिनीचं बघू या का, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

राजापूर वसलंय ते खाडीच्या टोकाला. अर्जुना सह्याद्रीतून येते, कोदवली नदी तिला गावातच मिळते आणि तिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं. समुद्र पंचवीस-तीस किलोमीटर लांब, जैतापूरला, पण गाव मात्र बंदर. त्या काळी हीच जागा सोन्याची होती. गलबत जेवढं आत जाईल तेवढं आत न्यायचं, तिथे माल उतरवायचा आणि पुढे अणुस्कुऱ्याच्या घाटाने बैलांवर लादून देशावर. म्हणून इंग्रजांची वखार इथे आली, म्हणून 1661 ला शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं आणि वखारवाल्या इंग्रजांना कैद केलं, पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या होत्या त्याचा हिशेब.

पण खाडीच्या टोकाला वसलेल्या गावाला खाडीच खाते. वरून डोंगरातली माती येते, खालून भरती तिला अडवते, गाळ तिथेच बसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरमध्येच लिहिलंय की मोठी गलबतं धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतात. बंदर गेलं की व्यापारी गेला, व्यापारी गेला की त्याच्यामागचा हमाल, सुतार, सोनार गेला. आणि वाढायला जागा म्हणाल तर गाव तिन्ही बाजूंनी डोंगराच्या कुशीत, वर गेलात की जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सड्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो, जांभा चाळणीसारखा असतो हो.

म्हणजे खाली पूर आणि वर टंचाई. या दोन रेघांच्या मध्ये जेवढी माणसं मावतात तेवढंच राजापूर. माझ्या हिशेबाने दहा हजार हा त्या जागेचाच आकडा आहे.

सुपारीफूल

कातळखुणा, काय सुंदर लिहिलंत! "खाडीच्या टोकाला वसलेल्या गावाला खाडीच खाते" हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

घाटमाथा

राग मानू नका पण आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात पंधरा-वीस हजारांची गावं ग्रामपंचायतीवर चालतात आणि स्वतःला गावच म्हणवतात. दहा हजाराला शहर म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. आमच्या एका वाडीची जत्रा भरली तरी एवढी माणसं जमतात. मुद्दा टिंगलीचा नाही, खरंच विचारतोय, शहर म्हणजे काय हे कोण ठरवतं?

आकडेमोड

@घाटमाथा, दोन दारं आहेत. एक, जिथे नगरपालिका, नगरपंचायत, कटक मंडळ असं काही कायद्याने आहे ते शहर, लोकसंख्या कितीही असो. राजापूर या दाराने आत आलंय. दुसरं, नगरपालिका नाही पण लोकसंख्या पाच हजारांच्या वर, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांतले किमान 75 टक्के शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, अशा गावाला जनगणनेत शहर धरतात. तुमची वीस हजारांची गावं ऊस करतात म्हणून खेडी राहतात. त्यात कमीपणा काही नाही.

राजापूर तालुका 2011 ला दीड लाखाच्या वर होता. म्हणजे शहरात राहणाऱ्या एका माणसामागे बाहेरची पंधरा माणसं सातबारा, कोर्टाची तारीख, औषधं, लग्नाचा बस्ता, सगळ्याला याच गावात उतरतात. अर्जुनाकाठ, तुमची गुरुवारची गर्दी तीच. गावाचा आकार माणसांवरून मोजला तर दहा हजार, कामावरून मोजला तर दीड लाख.

घाटमाथा

हे पटलं. मागे घेतो.

मास्तरीणबाई

मी 2011 ला प्रगणक होते, म्हणून लिहितेय. तेव्हा मी तालुक्यातल्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त.

आधी 2010 ला घरयादी केली. दारावर नंबर घालायचा, बंद घर असलं तरी घालायचा. माझ्या गटात एका वाडीत चढणीच्या दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठावीस घरं होती. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्याच्या पडवीत एक आजी कोकमं वाळवत बसलेली. मी विचारलं या शेजारच्यांचं काय, तर ती म्हणाली, "ती गणपतीला येतात." पुढचं? "ती शिमग्याला." त्याच्या पुढचं? आजी जरा थांबली आणि म्हणाली, "ती आता येत नाहीत, पण चावी माझ्याकडे आहे." तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. अकरा चाव्या. दर अमावस्येला ती एकेक घर उघडून झाडून घ्यायची आणि देवापुढे दिवा लावायची, पैसे वगैरे काही नाही.

फेब्रुवारीत माणसं मोजायला गेले तेव्हा त्याच वाडीत माझ्या कागदावर चव्वेचाळीस माणसं आली. त्यात बायका एकतीस. साठीच्या वरची किती ते आता आठवत नाही, पण तरणा मुलगा एकच होता, त्याची बारावी चालू होती आणि तो म्हणाला, बाई परीक्षा झाली की मीपण मुंबईला. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीला पुन्हा जायचं असतं, मधल्या काळात कोणी जन्मलं, कोणी वारलं का बघायला. मी गेले तेव्हा आजी वारली नव्हती, ठणठणीत होती, पण म्हणाली बाई तुमच्या त्या कागदावर घरं लिहायची सोय असेल तर माझ्या नावावर बारा लिहा.

मला लिहिता आलं नाही अर्थात. पण अर्जुनाकाठ, तुमच्या आईने पाच दिवे मोजले ना, तो आकडा कुठल्याही कागदापेक्षा खरा.

सुपारीफूल

बाई, रडवलंत.

परळची_खोली

मास्तरीणबाईंचं वाचून राहवलं नाही. आमचे आजोबा राजापूर तालुक्यातूनच गिरणीत आले. आगबोट जैतापूरला लागायची, गावाहून पडावाने खाडीतून खाली उतरायचं आणि मग बोटीत. परळला गावाची खोली होती, दहा बाय बाराची, त्यात गावची चौदा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपायची, ज्याची रात्रपाळी त्याची वळकटी दिवसा. दुसऱ्या भिंतीला पत्र्याच्या ट्रंका एकावर एक. ती खोली म्हणजे आमच्या गावची मुंबईतली वाडीच की!

आता एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे काय, मला तर धक्काच बसला होता. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा कुठला? मुंबई शहर! म्हणजे आमच्यासारखी माणसं आधी गावातून गेली, मग गिरण्या बंद झाल्यावर परळ-लालबागमधूनही गेली, डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार. दोन्हीकडे आम्ही वजाच. मी आता विरारला राहतो, गावची घरपट्टी भरतो, परळच्या मंडळाचा सभासद आहे आणि मतदान नालासोपाऱ्यात. मला कुठे मोजायचं ते तुम्हीच सांगा.

कोरा_चहा

तुमच्या वळकटीवरून आठवलं, आमच्याकडे अजून दिवाणाखाली आजोबांची ट्रंक आहे, वर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि "पो. राजापूर जि. रत्नागिरी" लिहिलेलं. फेकू देत नाहीत बाबा.

आकडेमोड

@परळची_खोली अगदी बरोबर. रत्नागिरी जिल्हा 2001 ला 16,96,777 होता, 2011 ला 16,15,069. आणि हजार पुरुषांमागे बायका 1,122, तेव्हा राज्याचं प्रमाण 929. बाहेरची माणसं हा आकडा बघून म्हणतात वा, कोकणात मुलींना मान आहे. पण सहा वर्षांच्या आतली मुलं बघा, तिथे रत्नागिरीतही मुलगेच जास्त आहेत. म्हणजे जन्मताना बायका जास्त नसतात, पुरुष मोठे झाले की निघून जातात. मास्तरीणबाईंची चव्वेचाळीसात एकतीस, तो हाच आकडा.

बंदरधक्का

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार सगळ्यांना. मी राजापूरचा, गेली एकोणीस वर्षं कुवेतला.

सगळ्यांनी मुंबईचं लिहिलं म्हणून आमचं सांगतो. आमच्या मोहल्ल्यातली माणसं मुंबईला थांबलीच नाहीत, सरळ आखातात. आणि हे नवीन नाही भाई. कातळखुणा यांनी गॅझेटियरचा विषय काढला, त्यातच पुढे आहे की रत्नागिरी जिल्ह्यातल्या सगळ्या बंदरांत फक्त राजापूरला अरबांची गलबतं अजून थेट येतात. आमचे पणजोबा त्या गलबतांचा माल उतरवायचे असं घरात सांगतात. तेव्हा ते आमच्याकडे यायचे, आता आम्ही त्यांच्याकडे जातो, वाट तीच.

माझ्या बिल्डिंगमध्ये राजापूर, नाटे, जैतापूर मिळून सहा घरं आहेत. रमजानमध्ये इफ्तारीला सांदणं होतात, फणसाचा रस घालून, रस गावाहून बरणीत येतो. पण गावी अम्मी एकटी आणि शेजारचे काकाकाकू, ते ब्राह्मण आहेत, तेच तिचं बँकेचं बघतात. पुराचा भोंगा वाजला की अम्मी पहिला फोन मला करत नाही, काकांना करते. मी आठ-नऊ तास विमान आणि गाडीवर, काका दोन पायऱ्यांवर.

मला मोजू नका राजापुरात, मी तिथे नाही हे खरंच आहे. पण ते घर मोजा.

हापूस_बाग

सगळे गेलेल्यांचं बोलताहेत, आलेल्यांचं मी बोलतो.

माझी बाग खलाटीला, नाट्याच्या बाजूला. फेब्रुवारीत या आणि बघा कोण असतं ते. बागेत राखणीला, फवारणीला नेपाळी कुटुंबं, आम्ही गुरखेच म्हणतो पण गुरखे कसले, अख्खं बागकाम तेच करतात. माझ्याकडचं कुटुंब दिवाळीनंतर येतं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जातं, त्यांची धाकटी मुलगी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे आणि मराठीत पाढे म्हणते. पट कमी म्हणून शाळा बंद व्हायची वेळ आली होती, अशा चार पोरांमुळे टिकली. सड्यावर चिरेखाणीत विजापूर-बागलकोटची माणसं, मच्छीमारी बोटींवर खलाशी परत नेपाळचेच.

म्हणजे फेब्रुवारीत मोजणी झाली तर आमचा चाकरमानी त्यात नसणार आणि बागेतलं नेपाळी कुटुंब असणार. मोजणी माणसांची असते, नागरिकांची नाही, तेव्हा ते असायलाच हवेत. आणि मी म्हणतो बरोबरच आहे. गावात जो चूल पेटवतो तो गावचा. पण जुलैत मोजलंत तर हेही नाहीत आणि तेही नाहीत.

घाटमाथा

खलाटी म्हणजे?

हापूस_बाग

समुद्राकडची सखल बाजू ती खलाटी, सह्याद्रीकडची वरची ती वलाटी. नाटे, जैतापूर, सागवे खलाटी. पाचल, रायपाटण, ओणी वलाटी. भात दोन्हीकडे, पण आंबा आणि मासळी खलाटीची, वलाटीच्या माणसाला तेवढा पैसा नाही म्हणून मुंबईला आधी तो गेला. राजापूर दोघांच्या मध्ये, म्हणून बाजार तिथे. गुरुवारी सुकी मासळी वर चढते आणि भाजी, तांदूळ खाली उतरतो.

उन्हाळेकर

लोकसंख्येचा विषय आणि गंगेचं नावही नाही?! राजापूरची गंगा आली की आमच्या उन्हाळे गावाची लोकसंख्या एका रात्रीत दुप्पट होते. चौदा कुंडं, एरवी कोरडी ठणठणीत, आणि एक दिवस पाणी वाहायला लागतं. पूर्वी दर तीन वर्षांनी यायची म्हणतात, आता मनाला येईल तेव्हा येते, काही वेळा वर्षाच्या आतही आलीये. शास्त्रवाले सांगतात जमिनीखाली वक्रनलिकेसारखं असावं, पोकळी भरली की पाणी एकदम सुटतं. असेल. पण आमच्याकडे गंगा आली कळलं की आधी माहेरवाशिणींना फोन जातात.

सुपारीफूल

म्हणून बराच काळ न दिसलेल्या माणसाला "काय, राजापूरची गंगा!" म्हणतात ना. आमच्या सासूबाई विदर्भातल्या, त्याही म्हणतात, गंगा काही बघितली नाहीये त्यांनी.

वखारीचा_दगड

रिफायनरी आली असती तर माणसं थांबली असती हे कोणी बोलणार आहे का नाही?

कातळखुणा

आणि सड्यावरची कातळशिल्पं? ती गेली असती तर परत आणता आली असती का? हजारो वर्षं टिकलेली चित्रं आहेत ती...

संपादक

रिफायनरी आणि जैतापूर प्रकल्प यावर वेगळे धागे आहेत, दोन्ही बाजूंचं तिथे भरपूर लिहून झालंय. कृपया इथे नको. बाकी चालू द्या.

रानतळे_रोड

मी जरा वेगळं बोलू का, सगळे फार हळवे झालेत.

मी 34 वर्षांची, पुण्यात नोकरी करून चार वर्षांपूर्वी राजापूरला परत आले, नवरा इथलाच. आणि माझा अनुभव असा की गाव मरत नाहीये, गाव चढावर चाललंय. जुनी पेठ खाली नदीला, तिथे दर पावसाळ्यात एकदोनदा तरी पाणी. माझ्या सासऱ्यांचं दुकान जवाहर चौकाच्या जवळ, भोंगा झाला की आम्ही सगळे माल माळ्यावर चढवतो, आधी साखर आणि मीठ, मग कडधान्यं, तेलाचे डबे शेवटी कारण ते भिजले तरी पुसता येतात. भिंतीवर सासऱ्यांनी खिळ्याने रेघा मारून ठेवल्यात, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं. एक रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे.

मग तरुण माणूस घर बांधताना कुठे बांधणार? वर. हायवे वर, एसटी डेपो वर, नवीन उंच पूल वर. गाडीने जाणाऱ्याला तर आता खालचं गाव पुलावरून नुसतं दिसतं. वरची बरीच घरं आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. तिथे राहणारी माणसं पत्ता राजापूर सांगतात, मुलं राजापूरच्या शाळेत, दुकान राजापुरात, पण मोजणीत ती राजापूर शहराची नाहीत! अर्जुनाकाठ, तुम्ही आकडा बघून म्हणता गाव घटलं, पण हद्द जुनी आणि घरं नवी, हेही बघा ना.

पाण्याचंही सांगते. कोदवलीला इंग्रजांच्या वेळचं धरण आहे, सायबाचं धरण म्हणतात, दीडशे वर्षांच्या आसपासचं. तिथून पाणी पंपाशिवाय नुसत्या उताराने गावात येतं. खालच्या गावासाठी ते पुरेसं होतं. वर राहायला गेलेल्या माणसाला पाणी उताराने कसं मिळणार? त्याला टँकर किंवा बोअर. गाव वर चाललंय आणि पाणी खालीच राहिलंय, आमचं खरं दुखणं हे आहे.

कातळखुणा

रानतळे_रोड, मी चुकलो. मी म्हटलं होतं दोन रेघांच्या मध्ये मावतील तेवढीच माणसं. तुमची माणसं वरची रेघ ओलांडून गेलीत हे माझ्या लक्षातच नव्हतं.

अर्जुनाकाठ

रानतळे, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं पण असं जुळवलं नव्हतं. माझा मित्र वर राहायला गेलाय, मी त्याला राजापूरचाच धरत होतो.

नदीपल्याड

आमच्या देवरुखचंही असंच काहीसं. आणि सगळ्यांना रेल्वे आल्यावर बदलेल वाटलं होतं. राजापूर रोड स्टेशन गावापासून किती आत पूर्वेला आहे बघा, नावातला "रोड" उगीच नाही. गणपतीला पहाटे गाडीतून उतरून तिथून रिक्षा मिळवणं हाच एक प्रवास.

परळची_खोली

खरंय. पण रेल्वेला नावं ठेवणार नाही, बोटी बंद झाल्यानंतरचे ते एसटीचे सोळा-सोळा तास मी काढलेत.

आकडेमोड

रेल्वेवरून एक. रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, 1971 पासून सलग पाच वेळा. त्यांच्याआधी नाथ पै. राजापूर हे नाव दिल्लीत माहीत होतं ते या दोघांमुळे. 2009 पासून राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. आणि विधानसभेला रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागा होत्या त्या पाच झाल्या, खेड आणि संगमेश्वर गेले. हे सगळं 2001 च्या जनगणनेवरून. प्राथमिक आरोग्य केंद्रही लोकसंख्येवर, सपाटीला तीस हजारांमागे एक, डोंगराळ भागात वीस हजारांमागे.

म्हणजे वाडीतल्या एका घराला कुलूप लागतं तेव्हा हळूहळू आमदारही कमी होतो आणि डॉक्टरही. मास्तरीणबाईंची आजी वाडीत एकटी राहिली तरी तिला डॉक्टर लागणारच ना, उलट जास्त लागणार.

मीठभाकर

मग सोपं आहे. फेब्रुवारी 2027 ला सगळ्या चाकरमान्यांनी सुट्टी टाकून गावी जायचं आणि तिथे नावं द्यायची. शिमगा जरा अलीकडे घ्या.

परळची_खोली

मंडळात कालच हा विषय निघाला होता, खरं सांगतो! गाड्या ठरवायच्या गोष्टीपर्यंत गेलं.

मास्तरीणबाई

नका हो असं करू, हात जोडते. त्या काळात माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. तुम्ही दोन दिवस येऊन नाव लावलंत आणि विरारलाही घरच्यांनी सांगितलं तर एक माणूस दोनदा झाला. आणि विरारला पाणी, लोकल, शाळा कोणासाठी मागणार मग? तुम्ही तिथे आहात तर तिथेच मोजून घ्या. गावाला काही द्यायचं असेल तर घरयादीच्या वेळी तुमच्या बंद घराची नीट नोंद होतेय ना ते बघा, शेजाऱ्याला सांगून ठेवा. बंद घरं किती आहेत हा आकडाही सरकारदरबारी जातो, तोही काहीतरी सांगतो.

बंदरधक्का

बाई, हेच मला म्हणायचं होतं. काकांना आजच फोन करून सांगतो.

परळची_खोली

ठीक आहे बाई. मंडळात सांगतो. पण गाड्या ठरवल्याच आहेत तर शिमग्याला जातो.

अर्जुनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. बाई, एक शेवटची शंका. माझी आई पावसाळ्यात चार महिने आमच्याकडे कल्याणला असते, बाकी राजापूरला. वडील गेल्यापासून असंच चाललंय. बायको म्हणाली, तिची औषधं, रेशन कार्ड, सगळं आता इकडे आहे, तर तिला आपल्यातच दाखवू, सोपं पडेल. मीही हो म्हणणार होतो. काल रात्री हा धागा आईला फोनवर वाचून दाखवला, बाईंची आजी आणि अकरा चाव्यांचं दोनदा वाचायला लावलं तिने. मग म्हणाली, "फेब्रुवारीत मी इथेच असणार, कलमाला मोहोर असतो, सोडून येता येत नाही. तुमच्यात मला मोजू नका." तर तिला राजापुरातच मोजतील ना?

मास्तरीणबाई

हो, तिथेच. कल्याणला तुमच्याकडे माणूस आला की आईंचं नाव सांगू नका, एवढंच. आणि आईंना म्हणावं, प्रगणक आला की त्याला आधी पाणी विचारा. पाखाडी चढून दम लागलेला असतो हो.